बेगमी करा, मैत्रीचीही

काय मग, कुरडया झाल्या? पापड, सांडगे, सांडगी मिरच्या वाळून डब्यांत गेल्या? वर्षाचं तिखट कांडून आणलं? गव्हाला ऊन दाखवून कोठी भरली? मुरांब्याच्या बरणीवर दादरा बांधला? म्हणजे तुमची उन्हाळ्याची कामं आटोपलीच म्हणायची!

तुम्ही म्हणाल, हल्ली एवढं सगळं घरी करतं कोण? बचतगटाच्या बायकांकडून पापड घेतले, दुकानातून लोणच्याची बाटली आणली की झालं. खरं आहे. पण बेगमी सुटली आहे का हो आपल्याला? रूप तेवढं बदललं. मुलांचे गणवेश, वह्यांची कव्हरं, रेनकोट, छत्रीची मोडलेली काडी, गच्चीच्या भेगा, सगळं पावसाच्या आत व्हायला हवं. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घरातल्या बाईच्या डोक्यात ही यादी अखंड चालू असते.

या यादीत एक जिन्नस मात्र नसतो, तो म्हणजे मैत्रिणी.

जरा आठवून पाहा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हं घेऊन आपण एकमेकींकडे गेलो. अक्षय्य तृतीयेला गौर हलली आणि ते जाणंयेणं संपलं. पुढचं निमित्त थेट वटपौर्णिमेचं, आणि तेव्हा हातात पूजेचं ताट असतं, मागे रांग असते. मंगळागौर श्रावणात, भोंडला अश्विनात. वर्षभर आपल्या भेटींना कुठल्या ना कुठल्या देवाचं निमित्त लागतं. आणि तिथेही आपण भेटतो त्या 'अमक्याची आई' आणि 'तमक्या वहिनी' म्हणून. जी आपल्याला कॉलेजातल्या नावानं हाक मारते, जिला आपल्या लग्नाआधीचा स्वभाव ठाऊक आहे, ती मैत्रीण कुठल्याच हळदीकुंकवाला नसते. ती दुसऱ्या गावात, नाहीतर त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिची यादी घेऊन बसलेली असते.

पुरुषांचं असं होत नाही. लग्न झालं म्हणून त्यांचा कट्टा सुटत नाही. आपली मैत्री मात्र लग्नानंतर 'कधीतरी भेटू गं' यावर तगून राहते, आणि ते 'कधीतरी' डोहाळजेवणात किंवा कुणाच्या तेराव्याला उगवतं. म्हणून म्हणते, उन्हाळा संपता संपता एक दिवस आणि एक रात्र मैत्रिणींसाठी बाजूला काढा. मुलांना सुट्टी असते, अजून काही दिवस आजोळी राहायला ती तयार असतात. कामं उरकलेली असतात आणि पाऊस पडला नसतो. वर्षात असा मोकळा खळगा पुन्हा सापडत नाही.

आम्ही पाचजणींनी ते करून पाहिलं. बी.ए.ला एका बाकावर दाटीवाटीनं बसणाऱ्या आम्ही पाच! आज एक बँकेत आहे, एक शिकवण्या घेते, एकीचा ब्लाउज शिवण्याचा व्यवसाय आहे, एक पूर्ण वेळ घर सांभाळते, आणि मी घर सांभाळून एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. महाबळेश्वर म्हटलं तर खर्च, कोकण म्हटलं तर चार दिवस. शेवटी शिवणकामवाली हळूच म्हणाली, "माझ्या माहेरी येता का? पासलीला?"

आम्ही चौघी गप्प झालो, कारण तिची आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून ती माहेरी गेली नव्हती. भांडण नव्हतं काही. भाऊ चांगला, वहिनीही चांगली. पण "आई नाही तर कुणाच्या जिवावर जायचं?" असं ती म्हणायची. हे वाक्य तुमच्याही ओळखीचं असेल.

पासली पुणे जिल्ह्यात, वेल्हे तालुक्यात आहे. २०२५ साली या तालुक्याचं नाव सरकारदरबारी 'राजगड' झालं, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. पुण्याहून सातारा रस्त्यानं निघायचं, चेलाडी फाट्याला वळून नसरापूर गाठायचं. तिथे बनेश्वराचं पेशवेकालीन देऊळ गर्द झाडीत आहे, अर्धा तास टेकायला छान. पुढे मार्गासनी, विंझर करत तोरण्याच्या पायथ्याचं वेल्हे. पासली त्याच्याही पुढे, केळदच्या वाटेवर. एस.टी.नं जायला मुळीच कमीपणा मानू नका. १७ मार्च २०२३ पासून आपल्या राज्यात एस.टी.च्या सगळ्या गाड्यांत बायकांना अर्धंच तिकीट लागतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर २०२२ पासून प्रवास फुकट आहे. म्हणजे 'खर्च फार होतो' हे कारण निम्मं तिथेच निकालात निघालं! वेल्ह्याच्या पुढे मात्र गाड्या मोजक्याच. आम्ही वडाप जीप ठरवली.

ऊन रणरणतं होतं, खोटं कशाला सांगू? डोंगर भाजून पिवळे पडलेले, ओढे कोरडे. पावसाळ्यात ज्या भागात धबधबे बघायला गाड्यांची रीघ लागते, तिथे त्या दिवशी रस्त्यावर आमची जीप आणि दोन म्हशी. पण उन्हाळ्याच्या शेवटाला या डोंगरांत काय पिकतं ते धबधब्याच्या गर्दीला कधी कळत नाही. रस्त्याच्या कडेनं करवंदांच्या जाळ्या काळ्याभोर लगडलेल्या. जांभळं रंगात आलेली. तोरणाची पांढरी मऊ फळं संपत आली होती, तरी ओंजळभर मिळाली. या तोरणांचीच झाडं फार म्हणून किल्ल्याचं नाव तोरणा पडलं, असं सांगतात. आमच्या मैत्रिणीनं जीप थांबवायला लावली आणि पदर खोचून जाळीत शिरली. करवंद दातांनी अर्धं तोडून मुठीत झाकलं आणि विचारलं, "कोंबडा की कोंबडी?"

तुमच्या लक्षात आलंच असेल. आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. चाळिशीकडे झुकलेल्या पाच बायका भर रस्त्यात एकमेकींच्या मुठी उघडून भांडत होत्या. बँकेतली मैत्रीण, जिच्या सहीशिवाय लाखाचं कर्ज पुढे सरकत नाही, ती सलग चार वेळा हरली आणि रुसली! ओठांना चीक लागून ते चिकटायला लागले तेव्हा कुठे आम्ही थांबलो. तेवढ्या अर्ध्या तासात घरची यादी कुणाच्याच डोक्यात नव्हती.

दाराशी जीप थांबली तशी वहिनी ओल्या हातांनी बाहेर आली. "या ताई," ती म्हणाली, "लई दिस लावलंत." एवढंच. मैत्रीण काही बोलली नाही. आतून पाच तांबे आले, त्या गडबडीत तो क्षण निभावला.

आपल्या बेगमीची ऐट मिरवणाऱ्या आम्ही, त्या घरी खरी बेगमी कशी असते ते पाहिलं. घराच्या एका अंगाला गोवऱ्या आणि लाकडं छपरापर्यंत रचलेली. गोठ्यावर पेंढा. छपरावर कौलं चाळायचं काम चाललेलं, फुटकी काढून धड बसवायची. सुकट-बोंबील वाळवून बांधलेले. कारण या डोंगरात पाऊस लागला की लागला. बाजाराला उतरायची सोय राहील न राहील. शेतात राब भाजून झाला होता. म्हणजे भाताचं रोप जिथे करायचं, त्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून जाळायच्या. जमीन तापते, तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं. मग २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागलं की कोरड्या मातीतच भात पेरायचं. त्याला धूळवाफ म्हणतात. ७-८ जूनला मृग लागतो. पाऊस वेळेवर आला तर दाणा उगवतो, नाहीतर पाखरं टिपतात. आपण ताटातल्या इंद्रायणीच्या किंवा आंबेमोहोराच्या वासाचं कौतुक करतो ना, त्याच्या मागे एक बाई अशी आभाळाकडे बघत बसलेली असते.

आणि पाणी! एवढ्या पावसाचा हा मुलूख, पण उतारावरचं पाणी वाहून जातं आणि मे महिन्यात विहिरी तळाला जातात. वहिनी पहाटे आणि संध्याकाळी डोक्यावर हंडे आणत होती. पाच पाहुण्या म्हणजे किती खेपा, हे आमच्या शिकवणीवालीनं बोटांवर मोजलं, आणि दुसऱ्या दिवशी आंघोळी तांब्या-दोन तांब्यांत झाल्या. संध्याकाळच्या खेपेला आम्ही कळशा घेऊन बरोबर गेलो. मदत कितीशी झाली देव जाणे, पण विहिरीच्या वाटेवर वहिनीची जीभ सैल झाली. "ताई येत न्हाईत," ती मला म्हणाली, "म्हंजे माझं काय चुकलं आसंल, आसं वाटायचं. इचारू कुनाला?"

बघा हं, इकडे एक बाई 'आता कुणाच्या जिवावर जाऊ' म्हणून तीन वर्षं थांबलेली, आणि तिकडे दुसरी 'माझं काय चुकलं' म्हणून तितकीच वर्षं झुरणारी. दोघींच्या मध्ये दोन-अडीच तासांची एस.टी. आणि पुरेसं बोलणं कुणाचंच नाही. हे आम्ही चौघी बरोबर नसतो तर उघड झालं असतं का? मला नाही वाटत. एकटी माहेरी गेलेली लेक आईच्या रिकाम्या जागेकडे बघत बसते. मैत्रिणी बरोबर असल्या की हसणं-खिदळणं, स्वयंपाकघरातली लुडबूड, चहाच्या फेऱ्या यांनी घर भरतं आणि त्या भरात अवघड बोलणी सोपी होऊन जातात.

रात्री जेवणं झाल्यावर वहिनीनं आम्हाला गावाबाहेर, ओढ्याच्या अंगाला नेलं. "दिवा लावू नगा," म्हणाली. पाच मिनिटं काहीच दिसेना. मग एका झाडावर दोन-चार ठिणग्या, मग दहा-वीस, आणि बघता बघता अख्खं झाड लुकलुकायला लागलं. काजवे! झाड उजळायचं आणि विझायचं, जणू श्वास घेतंय.

काजवा म्हणजे भुंग्याच्या जातकुळीतला किडा. त्याच्या पोटाखालच्या रसाचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन उजेड पडतो, आणि गंमत म्हणजे त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. वीज वाचवायची म्हटलं तर आपल्या कुठल्याही दिव्यानं त्याच्यापुढे हात टेकावेत! अळीच्या रूपात तो ओल्या मातीत राहून गोगलगायी खातो. पंख फुटल्यावर त्याला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात. वळीव पडून गेल्यावर आणि मोठा पाऊस लागण्याआधी, एवढ्याच दिवसांत जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. तो उजेड म्हणजे त्यांची एकमेकांना घातलेली साद. जपानात जूनच्या सुमारास घरच्या घरं काजवे बघायला नदीकाठी जातात. आपल्याकडे भंडारदऱ्याला काजवा महोत्सव भरतो. पण हौशी गर्दी मोटारींचे झोत झाडांवर टाकते, मोबाइलचे दिवे लावते, मग साद कुणाला दिसणार? जोड्या जुळल्या नाहीत तर पुढच्या वर्षी काजवे कुठून येणार? म्हणून वहिनीचं ते वाक्य लक्षात ठेवा, दिवा लावू नका.

त्या अंधारात आम्ही किती वेळ बसलो कोण जाणे. अंधारात एकमेकींची तोंडं दिसत नाहीत, म्हणून बोलता येतं. एकीनं नवऱ्याच्या नोकरीची काळजी सांगितली. एकीनं, डॉक्टरांकडे जायचं ती सहा महिने पुढे ढकलतेय, हे कबूल केलं. चौघींनी तिथल्या तिथे तारीख ठरवून टाकली आणि शिकवणीवाली तिच्याबरोबर जायचं ठरलं. पासलीला जाण्याचं हे फळ मला करवंदांपेक्षाही मोठं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपनं पुढे केळदच्या मढे घाटाच्या तोंडाशी जाऊन आलो. १६७० साली सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले, त्यांचा देह याच वाटेनं कोकणात उमरठला नेला, म्हणून हे नाव, अशी परंपरा आहे. धबधब्याच्या जागी कोरडा कातळ होता, पण खाली कोकणातून ढगांचे पहिले पुंजके वर चढू लागले होते. वारा गार लागला आणि आम्हाला घरं आठवली.

निघताना वहिनीनं पाट मांडला आणि आधी नणंदेची, मग आम्हा चौघींची ओटी भरली. नारळ एकच होता, तो ताईला. बाकीच्यांना तांदूळ आणि मूठ मूठ करवंदं. "दिवाळीला न्यायला येतील हे," ती म्हणाली. जीप वळणावर आल्यावर मैत्रीण म्हणाली, "आई गेल्यापासून माझी ओटी कुणी भरली नव्हती गं." आम्ही कुणी तिला उत्तर दिलं नाही. ओंजळीतली करवंदं तेवढी तिच्यापुढे केली.

तुम्हाला जायचं असेल तर चार गोष्टी सांगून ठेवते.

पासलीलाच जायला हवं असं नाही. कुणाचं तरी माहेर, कुणाची तरी मावशी, घरापासून दोन-तीन तासांवरचं कुठलंही गाव चालेल. चार-पाचजणी पुरेत. दहाजणी झाल्या की ती सहल होते आणि पुन्हा दोघी तिघींची यादी करत बसतात.

यजमानीणबाईंना आधी कळवा. नातं असेल तर शिधा न्या, नसेल तर जेवणाचे ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या. पिण्याचं पाणी स्वतःचं न्या आणि रिकाम्या बाटल्या परत आणा.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कैरीचा तक्कू प्रवासात उत्तम टिकतात. पन्हं करायला कैरीचा उकडलेला गर गूळ घालून आटवून न्या. आयत्या वेळी पाणी घातलं की झालं. डोक्याला रुमाल, पायांत जुने मळलेले बूट. अकरा ते चार उन्हात हिंडू नका. दुपारनंतर वळीव येतो. वीज कडाडू लागली की एकट्या झाडाखाली किंवा उघड्या माळावर थांबू नका, घरात शिरा.

करवंदं मिठाच्या पाण्यात धुऊन खा, चीक कमी लागतो. हाताला लागलेला चीक आधी तेल चोळून, मग साबणानं काढा. कच्ची करवंदं मिळाली तर धुऊन, कोरडी पुसून, दोन भाग करून बिया काढा. मीठ, हळद, तिखट, मोहरीची डाळ घालून वर हिंगाची गार केलेली फोडणी ओता. कैरीच्या लोणच्याशेजारी ही छोटी बरणी मानानं बसते.

आणि ज्यांना घर सोडता येत नाही त्यांचं काय? तान्हं मूल, अंथरुणावरच्या सासूबाई, रजा न मिळणारी नोकरी, सगळ्यांच्या नशिबी मोकळी रात्र नसते. अशी मैत्रीण असेल तर तुम्ही तिच्याकडे जा. सासूबाईंचं औषधपाणी दोघींनी करा, मूल एकीनं घ्या, गच्चीवर चटई टाका. मात्र स्वयंपाक तिला करायला लावू नका, डबा बरोबर न्या!

घरचे म्हणतील, आत्ताच कशाला? मुलांची शाळा उघडू दे, पाऊस थांबू दे, दिवाळी होऊ दे. त्यांच्यावर रागावू नका, शांतपणे सांगा की लोणच्याच्या कैऱ्या जशा पावसाआधीच घालायच्या असतात, तसंच हे आहे. मग आजच कॅलेंडर काढा. मृगाच्या आधीच्या एका शनिवारी पेन्सिलीनं नव्हे, शाईनं खूण करा. आणि जिला तुमचं कॉलेजातलं नाव ठाऊक आहे, तिला संध्याकाळी फोन लावा. 'कधीतरी भेटू' म्हणू नका, तारीख सांगा.